तुरुंगातील साथ आणि गर्दीचे गणित

साथीच्या रोगांचा पाठ शिकवताना आपण दूषित पाणी, डास, माश्या आणि लसीकरण यांविषयी बोलतो. गर्दीची ठिकाणे कोणती, असे विचारले की मुले बाजार, जत्रा, एस.टी. स्थानक, लग्नाचा मांडव अशी नावे सांगतात. तुरुंगाचे नाव सहसा कोणी घेत नाही. तुरुंग हे उंच भिंतींआडचे, जगापासून तोडलेले ठिकाण, अशीच आपली समजूत असते. रोगजंतूंच्या दृष्टीने ही समजूत कितपत खरी आहे? आणि राज्यात मोठी साथ आली असताना तुरुंग कसे चालवावेत? करोनाच्या साथीत महाराष्ट्राला हा प्रश्न सोडवावा लागला. त्यातले विज्ञान शाळेतल्या गणिताने समजण्याजोगे आहे. या लेखात आपण ते पाहू.

भिंत कोणाला अडवते?

यवतमाळ जिल्ह्यातील नेर हे तालुक्याचे गाव घेऊ. नेरच्या पोलिसांनी एखाद्याला अटक केली, असे समजा. आधी त्याची वैद्यकीय तपासणी होते, मग त्याला न्यायालयापुढे उभे करतात. न्यायालयीन कोठडी मिळाली की पोलीस गाडीतून त्याची रवानगी साधारणपणे यवतमाळच्या जिल्हा कारागृहात होते. पुढे तारखा पडतात, जामीन मिळतो आणि तोच माणूस एस.टी.ने नेरला आपल्या घरी परततो.

या प्रवासात तो किती जणांच्या सहवासात आला ते मोजा. पोलीस ठाण्यातील शिपाई, दवाखान्यातील डॉक्टर व परिचारिका, न्यायालयातील वकील आणि कर्मचारी, गाडीतील सहकैदी, बराकीतील पन्नास-साठ माणसे आणि परतल्यावर घरचे लोक. शिवाय कैदी आत राहिला तरी पहारेकरी पाळी संपली की घरी जातो. दूध, भाजी, धान्य बाहेरून येते. म्हणजे तुरुंगाची भिंत माणसाला अडवते, पण आतली आणि बाहेरची हवा अनेक माणसांमार्फत जोडलेलीच राहते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, आत असलेले बहुतेक लोक शिक्षा झालेले नसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ च्या आकडेवारीप्रमाणे महाराष्ट्रातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागायचा आहे असे. त्यांतील कित्येक निर्दोष सुटतात. कित्येकांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहावे लागते.

जुने अनुभव

तुरुंग आणि साथ यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एका तापाचे नावच 'तुरुंगताप' असे पडले होते. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यूगेट तुरुंगातील कैद्यांना आणले गेले आणि त्यानंतर न्यायाधीश, वकील, खुद्द शहराचे महापौर धरून पन्नासहून अधिक लोक या तापाने दगावले. पुढे जॉन हॉवर्ड या सुधारकाने तुरुंगांची पाहणी करून १७७७ साली आपला अहवाल पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. फासावर चढणाऱ्यांपेक्षा या तापाने मरणारे कैदी जास्त आहेत, हे त्याचे एक ठळक निरीक्षण होते.

हा ताप कोंदट, घाण हवेतून होतो असे तेव्हा मानत. न्यूगेटच्या छपरावर हवा खेळवण्यासाठी पवनचक्कीही बसवली होती. पण हा रोग म्हणजे टायफस, आणि तो कपड्यांतील उवांमार्फत पसरतो, हे १९०९ साली शार्ल निकोल यांनी ट्यूनिस येथे दाखवून दिले. कारणाबद्दलचा समज चुकीचा असला तरी गर्दी कमी करा, आंघोळ घाला, स्वच्छ कपडे द्या, हे उपाय उपयोगी पडत होते, कारण त्यांनी उवा कमी होत. करोनाच्या बाबतीत उलट घडले. सुरुवातीला सगळा भर हात धुण्यावर आणि पृष्ठभाग पुसण्यावर होता. कोंदलेली हवाच खरी वाहक आहे, हे पुढे स्पष्ट होत गेले.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील तीनशेहून अधिक कैद्यांपैकी सुमारे निम्मे लस घेण्यास पुढे आले. पुढील काही दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांना प्लेग झाला, मृत्यू एकही नाही.

हे आकडे इतके बोलके का ठरले, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. दोन्ही गट एकाच छपराखाली राहत होते, तेच अन्न खात होते, त्यांना लागणीचा धोकाही सारखाच होता. फरक होता तो लसीचा. चांगल्या तुलनेला लागते तशी ही परिस्थिती तुरुंगाने आपोआप पुरवली होती. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा. बाहेर जाण्याची मोकळीक नसलेल्या माणसाने दिलेली संमती खरोखर मोकळी म्हणता येते का? आज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत कैद्यांची गणना विशेष संरक्षण द्यावे लागणाऱ्या गटांत केली आहे, ती याच विचाराने.

याच प्लेगमुळे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. १२३ वर्षांनी करोनाच्या साथीत शासनाने पुन्हा तोच कायदा हाती घेतला.

जागेचे गणित

आता गर्दीकडे वळू. केंद्र शासनाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत झोपण्याच्या बराकीत दर कैद्यामागे ३.७१ चौरस मीटर जागा असावी असे म्हटले आहे. या जागेचा चौरस केला तर त्याची बाजू ३.७१ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.९३ मीटर येते. प्रत्येक जण आपापल्या चौरसाच्या मध्यावर असेल तर शेजारच्या दोघांतील अंतर तेवढेच. 'दो गज की दूरी' हे २०२० सालचे घोषवाक्य सर्वांना आठवत असेल. दोन गज म्हणजे १.८३ मीटर. याचा अर्थ, नियमाप्रमाणे पूर्ण जागा मिळाली तरी दोन गजांचे अंतर जेमतेम साधते.

पण नियमाएवढी जागा मिळते कोठे? २०१९ अखेर महाराष्ट्रातील तुरुंगांची क्षमता सुमारे २४ हजारांची होती आणि आत ३६ हजारांहून अधिक माणसे होती, म्हणजे शेकडा दीडशेच्या वर. क्षमता वरील मापानेच मोजली आहे असे धरल्यास एकाच्या वाट्याला २.४७ चौरस मीटर येतात आणि अंतर १.५७ मीटर उरते. ही झाली सरासरी. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता ८०४ कैद्यांची होती आणि मे २०२० च्या सुरुवातीला तेथे तिपटीहून अधिक कैदी होते. तिप्पट धरले तरी एकाला १.२४ चौरस मीटर जागा आणि अंतर १.११ मीटर. अशा ठिकाणी अंतर राखा, ही सूचना पाळायची म्हटली तरी कोणालाही पाळता येणार नाही.

गर्दीचा दुसरा परिणाम याहून मोठा आहे. एका बराकीत ५० माणसे असतील तर त्यांच्या दोघादोघांच्या जोड्या किती होतील? ५० गुणिले ४९ भागिले २, म्हणजे १२२५. माणसे ७५ झाली तर जोड्या २७७५ होतात. माणसे दीडपट झाली, पण जोड्या सव्वादोन पटींहून अधिक वाढल्या. आता ७५ मधले निम्मे कमी करून ३८ जण ठेवा. जोड्या ७०३, म्हणजे पूर्वीच्या चौथाई. प्रत्येक जोडीतून लागण होतेच असे नाही, पण लागणीच्या वाटा कशा वाढतात आणि कशा घटतात हे यावरून ध्यानात येते. माणसे निम्मी केली की वाटा चौथाई होतात. तुरुंगातील गर्दी कमी करणे हाच साथीवरचा पहिला उपचार, असे आरोग्यतज्ज्ञ म्हणतात त्याचे गणिती कारण हे आहे.

यात हवेचाही वाटा आहे. बराकी संध्याकाळी बंद होतात त्या सकाळी उघडतात. हा सगळा वेळ तीच माणसे तीच हवा श्वासात घेतात. करोनाच्या पहिल्या लाटेत एक रुग्ण बाहेरच्या समाजात साधारणपणे दोन ते तीन जणांना लागण करी. अमेरिकेतील एका मोठ्या शहरी तुरुंगाच्या अभ्यासात हीच संख्या सुरुवातीला आठाच्या वर आढळली. विषाणू तोच होता, फरक जागेचा होता.

२०२० साली काय घडले?

सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेऊन प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले. कोणत्या वर्गातील कैद्यांना अंतरिम जामिनावर किंवा पॅरोलवर सोडता येईल, हे त्या समितीने ठरवायचे होते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतील कैद्यांचा विचार करता येईल, असे उदाहरणही न्यायालयाने दिले. महाराष्ट्रातील समितीच्या पहिल्या निर्णयानुसार सुमारे ११ हजार कैदी सोडण्याचे ठरले.

एप्रिलमध्ये आर्थर रोड, भायखळा, ठाणे, कल्याण आणि येरवडा ही कारागृहे पूर्ण बंद करण्यात आली. कोणी आत जायचे नाही, कोणी बाहेर यायचे नाही. कर्मचाऱ्यांनीही ठरावीक काळ आतच मुक्काम करायचा. तरीही मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आर्थर रोडमध्ये १५८ कैदी आणि २६ कर्मचारी बाधित आढळले. भायखळ्याच्या महिला कारागृहातही रुग्ण सापडला. जूनच्या अखेरीस आपल्याच विभागातील अकोला जिल्हा कारागृहात साठहून अधिक कैद्यांना लागण झाल्याचे दिसून आले. पुढे नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातही साथ पसरली.

यातून एक धडा मिळतो. लक्षणे नसलेला माणूसही रोग पसरवू शकतो, म्हणून केवळ दार बंद केल्याने भागत नाही. दार लावण्यापूर्वी विषाणू आत आला असेल, तर बंद दार त्याला गर्दीच्या सोबतीने आतच कोंडते. ११ मे रोजी समितीने आणखी कैदी सोडण्याचा निर्णय घेतला आणि एकूण संख्या सुमारे १७ हजारांपर्यंत नेण्याचे ठरले. प्रत्यक्षात जुलैअखेर सुमारे १० हजार सुटले होते. प्रत्येकाचा अर्ज, न्यायालयाचा आदेश, जामिनाची पूर्तता या वाटेने जावे लागते. निर्णय आणि सुटका यांच्यामध्ये आठवडे जातात आणि विषाणूला आठवडे लागत नाहीत.

शाळा जेव्हा तुरुंग होते

नव्याने अटक होणाऱ्यांना थेट बराकीत नेले तर रोज नवी ठिणगी आत जाणार. म्हणून राज्यात शाळा, वसतिगृहे आणि तत्सम इमारतींत तीसहून अधिक तात्पुरते तुरुंग उघडण्यात आले. नवा कैदी आधी तेथे ठेवायचा, तपासणी करायची आणि मगच मुख्य कारागृहात न्यायचा. कल्पना शास्त्रशुद्ध होती. पण क्वारंटाइनची जागाच गर्दीची असेल तर? तळोजा कारागृहासाठी खारघरच्या एका शाळेत उघडलेल्या अशा जागेत सहा वर्गखोल्यांमध्ये सुमारे साडेतीनशे माणसे आहेत, अशी तक्रार जून २०२० मध्ये तेथील एका कैद्याकडून बाहेर आली. वर्गखोलीचे क्षेत्रफळ आपल्याला ठाऊक आहे. एका खोलीत ५८ जण दिवसरात्र, हे चित्र शिक्षकांना वेगळे समजावून सांगायला नको.

गर्दी हलवणे आणि गर्दी कमी करणे यांत फरक आहे. मे २०२० च्या अखेरीस अमेरिकेत कॅलिफोर्नियातील चिनो येथील बाधित तुरुंगातून १२१ कैदी, त्यांची ताजी तपासणी न करता, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात हलवले. तोपर्यंत तेथे कैद्यांमध्ये एकही रुग्ण नव्हता. त्यानंतर दोन हजारांहून अधिक कैद्यांना लागण झाली आणि एका कर्मचाऱ्यासह २९ जणांचे प्राण गेले.

टाकीचे गणित

आठवी-नववीच्या मुलांना पाण्याच्या टाकीची उदाहरणे परिचित असतात. तुरुंगही एक टाकीच आहे. आतल्या माणसांची संख्या म्हणजे रोजची आवक गुणिले सरासरी मुक्काम. एखाद्या कारागृहात रोज १० कैदी येतात आणि सरासरी ९० दिवस राहतात असे धरू. आत कायम ९०० माणसे असतील. यातली ३०० एकदम सोडली तर आकडा ६०० वर येईल. पण आवक आणि मुक्काम तसेच राहिले तर तो हळूहळू पुन्हा ९०० कडे जाईल. मुक्काम ६० दिवसांवर आणला तर मात्र तो ६०० वर टिकेल.

महाराष्ट्रात नेमके हेच झाले. २०२० च्या अखेरीस तुरुंगांतील गर्दी शेकडा सुमारे १३० वर उतरली होती. वर्षभरात ती पुन्हा १५० च्या आसपास गेली आणि २०२२ अखेर १६० च्याही वर. एका वेळची सुटका म्हणजे टाकीतून काढलेली एक बादली. नळ चालूच होता.

नळाकडे लक्ष देणारे आदेशही निघाले. दुसऱ्या लाटेची सुरुवात आपल्या अमरावती-यवतमाळ भागात फेब्रुवारी २०२१ मध्येच झाली होती. ७ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधी सोडलेल्यांना पुन्हा सोडण्यास सांगितले आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, या आपल्या २०१४ च्या निर्णयाची पोलिसांना आठवण दिली. मुक्काम कमी करणारी एक तरतूद आता कायद्यातही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असेल तर, काही अपवाद वगळता, त्याला जामिनावर सोडायचे आहे.

कोणाला सोडायचे?

येथे विज्ञानाचा प्रश्न न्यायाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. महाराष्ट्राने ८ मे २०२० रोजी पॅरोलच्या नियमांत बदल करून तातडीचा पॅरोल आणला. सात वर्षांपर्यंत शिक्षा झालेल्यांना तो खुला होता. त्याहून मोठी शिक्षा असलेल्यांसाठी पूर्वीच्या दोन सुट्यांनंतर वेळेवर परतल्याची अट होती. मोठे आर्थिक गुन्हे, मोक्का, अमली पदार्थविरोधी कायदा, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा अशा विशेष कायद्यांखालील कैदी यातून वगळले. हे वर्गीकरण मुंबई उच्च न्यायालयाने वैध ठरवले.

समाजाच्या सुरक्षिततेसाठी असा भेद करण्याला कारण आहे, हे मान्य करावेच लागते. सुटलेल्यांपैकी काही जण मुदतीनंतर परतले नाहीत, हेही खरे. पण विषाणूला कलमे वाचता येत नाहीत. साठी उलटलेला, मधुमेह किंवा दम्याने ग्रासलेला कैदी कोणत्या कायद्याखाली आत आहे, यावरून त्याच्या फुप्फुसांचा धोका बदलत नाही. कलमावरून केलेली यादी आणि प्रकृतीवरून केलेली यादी या वेगवेगळ्या असतात. ज्याला सोडता येत नाही त्याच्यासाठी मग हवेशीर खोली, वेळेवर तपासणी, लस आणि रुग्णालयाची गाडी यांची जबाबदारी शासनाची अधिकच वाढते, कारण तो स्वतः उठून दवाखान्यात जाऊ शकत नाही. न्यायालयाने त्याचे स्वातंत्र्य काढून घेतले असेल, पण आजारी पडण्याची शिक्षा कोणी सुनावलेली नसते.

लसीकरणातही एक साधी अडचण होती. नोंदणीसाठी ओळखपत्र लागे आणि कित्येक कैद्यांजवळ ते नसे. ओळखपत्राविना लस देण्याची कार्यपद्धती केंद्राने ठरवली आणि मे २०२१ च्या तिच्या सुधारित रूपात कैद्यांचा स्पष्ट उल्लेख होता. नातेवाइकांच्या मुलाकती बंद झाल्याने फोनची व व्हिडिओ संभाषणाची सोय करावी लागली. आत साथ आहे आणि घरच्यांची खबर नाही, अशा स्थितीत अफवा पसरतात. म्हणून संपर्काची सोय हासुद्धा साथ-नियंत्रणाचाच भाग मानायला हवा.

करोनाची लाट ओसरली, पण विषय संपलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे तुरुंगांतील क्षयरोगाचे प्रमाण बाहेरच्या समाजापेक्षा निदान दहापट असते. क्षयरोगही हवेतूनच पसरतो आणि जामिनावर सुटलेल्या माणसाबरोबर तोही गावी येऊ शकतो. तुरुंगातील हवा आणि गर्दी हा त्यामुळे नेरसारख्या तुरुंगापासून दूर असलेल्या गावाच्याही आरोग्याचा प्रश्न आहे.

वर्गात करण्याजोगे

१. खडूने जमिनीवर १.९३ मीटर, १.५७ मीटर आणि १.११ मीटर बाजूचे चौरस आखावेत. प्रत्येकात एका विद्यार्थ्याला आडवे व्हायला सांगावे. तिसऱ्या चौरसात पाय सरळ करता येतात का, कर्णावर झोपले तर जमते का, हे पाहावे. त्यानंतर आपल्या वर्गखोलीचे क्षेत्रफळ मोजून तीत प्रत्येक मापाने किती माणसे राहू शकतील ते काढावे.

२. १० ते ८० पर्यंतच्या संख्यांसाठी जोड्यांची संख्या काढून आलेख काढावा. रेषा सरळ येत नाही, ती वर वळते. का, यावर चर्चा करावी.

३. रोजची आवक १२ आणि मुक्काम ७५ दिवस असलेल्या तुरुंगात किती कैदी असतील? आवक एकतृतीयांशाने घटली तर किती? मुक्काम निम्मा झाला तर किती?

४. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी चर्चेचा विषय: शंभर कैद्यांपैकी फक्त चाळीस जणांना सोडता येणार आहे. गुन्ह्याचे कलम, वय, आजार आणि आत काढलेले दिवस यांपैकी कशाला किती वजन द्यावे? प्रत्येक गटाने आपला नियम लिहून काढावा आणि त्या नियमाने कोण मागे राहतो, हेही सांगावे.